थंडीत घर ऊबदार कसं ठेवायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी वायरिंगची कामं करतो. दिवाळी संपली की फोन सुरू होतात. आधी गीझरचे, मग हीटरचे, आणि जानेवारीत बिलाचे. बरेचसे प्रश्न विजेचे नसतातच, घराचे आणि पांघरुणाचे असतात. तेच तेच उत्तर किती वेळा द्यायचं म्हणून इथे एकत्र लिहून ठेवलंय. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय, तिकडे बघा.

1. आपल्याकडे काही बर्फ पडत नाही. मग घरात बसून हातपाय एवढे गार का पडतात?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते. दुपारी 28-30 अंश आणि पहाटे 12-14, कधी त्याच्याही खाली, असा खेळ चालतो.

दुसरं कारण आपली घरं. ती पावसासाठी आणि उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस एवढा की घरात हवा खेळती नसेल तर सगळं कुजेल. म्हणून कौलांना फटी, भिंतीवर झरोके, दारं सैल. पावसाळ्यात जे गुणाचं ते थंडीत अंगावर येतं. थंडी खरी दोन-अडीच महिन्यांची, तेवढ्यासाठी घर फोडून बांधायचं कारण नाही.

2. खर्च कमीत कमी, गुण जास्तीत जास्त असं एकच काम सांगा.

दाराखालची फट बंद करा. जुन्या लुगड्याची किंवा पँटच्या पायाची लांब पिशवी शिवायची, त्यात चिंध्या किंवा वाळू भरायची आणि रात्री दाराला आतून लावून ठेवायची. खर्च शून्य. ज्या खोलीत झोपता त्याच खोलीचं करा, अख्ख्या घराचं नको.

मात्र खोलीत काही पेटतं असेल, कोळसा, गॅस, चूल, तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. आधी प्रश्न 11 वाचा.

3. घोंगडी, वाकळ, रग, कम्फर्टर… पैसे नक्की कशात घालावे?

पांघरूण स्वतः गरम नसतं. त्यात अडकलेली हवा तुमच्या अंगाची ऊब धरून ठेवते. मग प्रश्न एवढाच की कुठलं पांघरूण जास्त हवा धरतं आणि वर्षानुवर्षं धरतं.

घोंगडी म्हणजे दख्खनी मेंढीची लोकर. ही लोकर जाडीभरडी असते, स्वेटरला फारशी चालत नाही, पण पांघरायला तिच्यासारखं दुसरं नाही. थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून तर पावसात मेंढ्यांमागे फिरणारा धनगर तीच डोक्यावर घेतो. सनगर लोक ती विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते. वापरून मऊ होते. टोचते अशी तक्रार असेल तर आतून जुनं धोतर किंवा सुती चादर घ्यायची, वर घोंगडी. यात्रेत घेऊ म्हणून थांबू नका. चिंचलीच्या मायाक्काची यात्रा माघात, तोवर थंडी उतरायला लागलेली असते.

खरी लोकर ओळखायची तर कडेचा एक धागा काढून जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर लोकर. वितळून टणक गोळी झाली तर प्लास्टिकचा धागा. दुकानदार नको म्हणाला तर घेऊ नका, एवढी साधी परीक्षा आहे.

वाकळीची गोष्ट वेगळी. शहापूर-वडगावात मागावरच्या साड्या व्हायच्या, घरोघरी सुती लुगडी असायची आणि ती विरली की वाकळीत जायची. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताचे पाच-सहा थर आणि त्यावर जवळजवळ घातलेले टाके. आमच्याकडे आजीच्या हातची एक आहे. तिच्या एका कोपऱ्याला हिरवं इरकली काठ अजून ओळखू येतं, बाकीचं सगळं पांढुरकं झालंय. हल्लीच्या साड्या बहुतेक सिंथेटिक, त्यांची वाकळ घसरते आणि घाम धरते. शिवून घ्यायची तर सुती कापडच द्या. हल्याळ, यल्लापूर आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात, ती बघायलाही सुंदर आणि वापरायलाही टिकाऊ.

बाजारातला कम्फर्टर हलका, धुवायला सोपा, आणि नवा असेपर्यंत ऊबदार. दोन-तीन वर्षांत आतला कापूस गोळा होतो. मिंकचे रग जड पण बरे. माझं मत विचाराल तर एक चांगली घोंगडी आणि एक वाकळ. दोन्ही मिळून नव्या हीटरपेक्षा कमी वीज खातात.

4. वर तीन-तीन पांघरुणं घेतो, तरी पाठ गार पडते. असं का?

कारण थंडी खालून येतेय. अंगाखालचं अंथरूण तुमच्या वजनाने दबतं, त्यातली हवा निघून जाते. वर तीन घेतलीत त्यातलं एक खाली टाका, लगेच फरक कळेल.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी आधी काथ्याची चटई किंवा स्वच्छ गोणपाट, त्यावर जमखाना, मग गादी असं करावं. शहाबादी फरशी आणि आजकालच्या चकचकीत टाइल्स अंगातली उष्णता भराभर ओढून घेतात. सारवलेली जमीन त्या मानाने बरी होती.

गादी कापसाची असेल तर ती कधी पिंजून घेतली होती ते आठवा. दबून फळी झालेल्या गादीत हवा नसते. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली की तोच कापूस दुप्पट फुगतो. नवी गादी घेण्याआधी हे करून बघा. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर वीतभर पुढे ओढा.

5. आमचं कौलारू घर आहे. वरून वारा येतो तो कसा थांबवायचा?

जुन्या घरात बघा, तक्तपोशी असलेल्या खोलीत आणि थेट कौलाखालच्या खोलीत एकाच रात्री किती फरक असतो. लाकडी फळ्यांचं ते छत आणि कौलं यांच्यामध्ये हवेचा एक अख्खा थर राहतो. आज तक्तपोशी परवडत नाही, पण झोपण्याच्या खोलीपुरतं जाड कापडाचं छत ताणून बांधलं तरी चालतं. आडव्या तुळयांना खिळे मारून जुन्या चादरी ताणायच्या. दिसायला लग्नाच्या मांडवासारखं दिसेल, दिसू दे.

भिंत आणि वासे जिथे मिळतात तिथली फट सगळ्यात वाईट. ती सरसकट बुजवू नका. झोपण्याच्या बाजूची बुजवा, चुलीच्या बाजूची मोकळी ठेवा. चिंध्या कोंबल्या तर उंदीर घर करतात, म्हणून त्यावर चुना-मातीचा हात फिरवा.

कौलाखाली थर्माकोल लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. मी देत नाही. थर्माकोल झटकन पेट घेतो, आणि कौलाखालूनच जुन्या वायरी गेलेल्या असतात. त्या वायरींची अवस्था मी रोज बघतो.

6. आमचा वरचा मजला, स्लॅबचं घर. संध्याकाळी बरं वाटतं, पहाटे चारला गारठतो.

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते परत देतो. मध्यरात्रीनंतर त्याच्याकडचं संपतं. म्हणून त्याला दिवसा जास्त ऊन मिळू द्या. उन्हाळ्यात गच्चीवर बांधलेली हिरवी जाळी अजून तशीच असेल तर काढा.

डिसेंबरात दुपारचा सूर्य बेळगावात डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर राहतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. दहा ते चार ते पडदे उघडे टाका, पाचच्या आत काच आणि पडदा दोन्ही बंद करा. गंमत अशी की जूनमध्ये हाच सूर्य आपल्या किंचित उत्तरेला जातो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात त्रास देत नाही.

7. हीटर लावला तर गृहज्योती जाईल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगतो.

गृहज्योती ही कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, पण ती म्हणजे सगळ्यांना सरसकट 200 युनिट फुकट असं नाही. 2022-23 या वर्षात तुमचा महिन्याचा सरासरी वापर किती होता ते बघतात, त्यात 10 टक्के मिळवतात (सरासरी 48 च्या आत असेल तर 10 युनिट), तेवढे तुमच्या हक्काचे. समजा तुमची सरासरी 70 होती, तर 77 युनिटपर्यंत बिल शून्य. 95 वापरले तर वरच्या 18 चे पैसे. आणि 200 ओलांडले तर त्या महिन्याचं सगळं बिल तुमच्या बोकांडी, पहिल्या युनिटपासून.

आता हीटर मांडू. हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दोन हजार वॉटचा ब्लोअर रोज रात्री दोन तास म्हणजे 4 युनिट, महिन्याला 120. घरचा नेहमीचा वापर 85 असेल तर बेरीज 205. झालं.

माझ्या स्वतःच्या घरी हेच घडलं. मुलीची परीक्षा, पहाटे उठून अभ्यास, म्हणून ब्लोअर आणला. लोकांना युनिटचे हिशेब शिकवणाऱ्या माणसाच्या घरी जानेवारीत 212 युनिट आले. बायकोने बिल काही न बोलता जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. 13 युनिट कमी असते तर बरेचसे पैसे वाचले असते.

त्यामुळे हीटर घ्यायचाच तर महिन्याच्या मध्याला मीटर बघायची सवय लावा. मागच्या बिलावरचा आकडा आजच्या आकड्यातून वजा करा. बिल कन्नडमध्ये आहे म्हणून बरेच जण ते बघतच नाहीत. कन्नड वाचता येत नसलं तरी ‘बळके’ म्हणजे वापर आणि ‘मोत्त’ म्हणजे रक्कम एवढे दोन शब्द शेजाऱ्याकडून ओळखून घ्या, आकडे तर तेच आहेत.

8. कुठला हीटर कमी वीज खातो?

कुठलाच नाही. एका युनिटमधून ब्लोअर, रॉडवाला, तेलाचा, तिघेही तेवढीच उष्णता काढतात. फरक ती जाते कुठे यात आहे.

लालभडक होणारा रॉडवाला हीटर समोर बसलेल्या माणसाला तापवतो, हवेला कमी. फटीफटींच्या घरात हाच कामाचा, आणि 400 वॉटवरही चालवता येतो. ब्लोअर हवा तापवतो आणि ती हवा कौलातून शेजाऱ्याकडे जाते. तेलाचा हीटर सावकाश तापतो, सावकाश निवतो, आवाज नाही, उघडं लाल काही नाही. बंदिस्त खोलीत, आजारी माणसाजवळ तो बरा, पण महाग आणि जड.

चारशे वॉटचा रॉड पायाशी ठेवून दोन तास बसलात तर पाऊण युनिटच्या आसपास जातं. पांघरूण आणि पडदे यांच्यापासून तीन फूट लांब ठेवायचा आणि झोपण्याआधी बंद करायचा. त्यावर मोजे वाळत घालणारे लोक मी पाहिलेत. करू नका.

9. हीटरचा प्लग गरम होतो, बोर्ड पिवळा पडलाय. चालवत राहू का?

नाही. आत्ता बंद करा.

दोन हजार वॉटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. टीव्ही-मोबाइलचा लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो. मोठ्या तीन पिनांचा 16 अँपिअरचा सॉकेट हवा, त्यामागे जाड वायर हवी आणि अर्थिंग हवं. मोठी पिन लहान सॉकेटात बसवून देणारं अडॅप्टर बाजारात मिळतं, ते घेतलं की आग लावायची सोय झाली असं समजा. एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर, पाणी तापवायचा रॉड, गीझर काहीही नको.

एका घरात बोर्ड वितळून भिंतीवर मेणासारखा ओघळला होता. घरचे म्हणाले, दोन दिवस कसला तरी माशासारखा वास येत होता, आम्हाला वाटलं शेजारी शिजतंय. प्लास्टिक आणि बोर्ड तापले की असाच वास येतो. लक्षात ठेवा.

10. खेड्यात व्होल्टेज कमी असतं. हीटर नीट तापत नाही, मग बिल तरी कमी येतं का?

हो, येतं. व्होल्टेज 180 वर आलं की दोन हजार वॉटचा हीटर बाराशेच्या आसपासच देतो आणि तेवढंच मीटरवर चढतं. उष्णताही तेवढीच मिळते, म्हणजे फायदाही नाही, तोटाही नाही. हुक्केरी तालुक्यात पुरवठा हेस्कॉमचा (हुबळीच्या सरकारी वीज कंपनीचा) नसून तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा आहे, तक्रार तिथे करा.

11. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपलं तर चालतं का? धूर तर होत नाही.

नाही चालत. धूर होत नाही हीच भीती आहे.

निखारे फुललेले दिसतात, डोळे चुरचुरत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं आता सुरक्षित. पण कोळसा कमी हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळत नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. थंडीत असे मृत्यू होतात, आणि बहुतेक ठिकाणी खोली एकच, माणसं तीन-चार, दार-खिडकी घट्ट बंद असं चित्र असतं. बांधकामावर राहणारी, बाहेरगावची पोरं यात जास्त सापडतात.

‘राख टाकून ठेवली तर?’ तरी वायू निघतो. ‘थोडी खिडकी उघडी ठेवली तर?’ किती पुरेशी ते तुम्हाला मोजता येत नाही. ‘आमचे आजोबा ठेवायचे.’ आजोबांच्या घराला कौलांच्या फटी होत्या, प्रश्न 1 आणि 5 मध्ये ज्यांना आपण नावं ठेवली त्याच. तुमच्या स्लॅबला नाहीत.

शेगडी पेटवायची तर अंगणात, पडवीत, उघड्यावर. शेकून घ्या, विझवा, मग आत या. कोणी असं बेशुद्ध सापडलं तर आधी दारं उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. आत जाऊन तिथेच हलवत बसू नका, तुम्हीही पडाल.

12. मग विजेचा हीटरही ऑक्सिजन खातो म्हणतात, ते?

खात नाही. त्यात काही जळत नाही. हवा तापली की कोरडी वाटते, घसा सुकतो, म्हणून लोकांचा तसा समज झालाय. खोलीत पाण्याची परात ठेवली तर बरं वाटतं. विजेच्या हीटरची भीती आगीची आणि शॉकची, गुदमरण्याची नाही.

13. बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची आमच्यात पद्धत आहे. सासूबाई ऐकत नाहीत. काय करू?

सासूबाईंचा मान राखून मार्ग काढता येतो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वर ओवा-शेपाची धुरी, दार बंद. हे प्रश्न 11 मधलंच आहे, आणि खोलीत दहा दिवसांचं बाळ. धुराचा त्रास बाळाच्या छातीला मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

शेक हवा ना, तो द्या. गरम पाण्याने आंघोळ, गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकणं, आंघोळीच्या आधी न्हाणीत हीटर लावून ती तापवून घेणं आणि मग तो बाहेर काढणं. धुरीचा आग्रहच असेल तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना ती खोली धुपवा, हवा जाऊ द्या, मग त्यांना आणा. आमच्या घरी एवढ्यावर मिटलं.

बाळाला मोठ्यांपेक्षा कपड्याचा एक थर जास्त पुरतो. हातपाय थोडे गार असले तर घाबरू नका, छातीला किंवा मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाजवळ जड रग, उशी काही नको. आईच्या छातीला लावून वरून पांघरूण घेणं ही बाळासाठी सगळ्यात चांगली ऊब, मात्र आई जागी असताना.

14. आंघोळीच्या पाण्यात सगळ्यात जास्त जातं. बंब, गीझर, रॉड, सोलर यांत स्वस्त काय?

बरोबर ओळखलंत. आपल्याकडे खरा खर्च इथेच आहे. वीस लिटरची बादली 20 अंशांवरून 42 वर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. पाच माणसं रोज एकेक बादली, महिन्याला 75 युनिट. गीझरने करा नाहीतर रॉडने, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. गीझर सकाळभर चालू ठेवला तर वरून आणखी. आंघोळीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लावा, तापला की बंद करा.

तांब्याचा बंब अजून ज्यांच्याकडे आहे त्यांनी मोडीत घालू नका. मधल्या नळीत करवंट्या, शेंगांची टरफलं, लाकडाच्या ढलप्या, काहीही चालतं, आणि आग पाण्याच्या मधोमध असल्याने वाया कमी जाते. ठेवायचा परसात किंवा वर धूर जायला जागा असलेल्या न्हाणीत. प्लायवुडचे तुकडे, रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक नको, त्यांचा धूर विषारी.

स्वतःचं घर, मोकळी गच्ची असेल तर सोलरसारखं काही नाही. आपल्या थंडीत आभाळ निरभ्र असल्याने ते चांगलं तापतं, जुलैत मात्र खानापुरात त्याच्याकडून अपेक्षा करू नका. पाइपमधलं पहिलं गार पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरा.

रॉड पाण्यात असताना हात घालून ‘तापलं का’ बघायची सवय घरातल्या प्रत्येकाची मोडा. बटण बंद, प्लग बाहेर, मगच हात. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप बंद होणारा स्विच, बसवून घ्या.

15. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवलाय. खिडकी लहान आहे, चालेल ना?

बाहेर काढा. प्रश्न 11 मधलाच वायू, फक्त जागा आणखी लहान. गीझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, आत फक्त नळ.

16. इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्यावं का? शॉक बसेल अशी भीती वाटते.

हीटरला पर्याय म्हणून मी हेच सुचवतो. साधारण 80 वॉटचं असतं, झोपण्याआधी अर्धा तास लावलं तर एका युनिटचा पंचविसावा भाग. अंथरूण गरम झालं की बंद करून आत शिरायचं. घडी करून वापरायचं नाही, वर जड सामान ठेवायचं नाही, वायर कुठे दुमडली-खरचटली दिसली की टाकून द्यायचं. अंथरुणात लघवी करणारं मूल किंवा आजारी माणूस असेल तिथे नको.

गरम पाण्याची पिशवी त्याहून स्वस्त. उकळतं पाणी घालू नका, दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, टॉवेलमध्ये गुंडाळा. मधुमेह असलेल्यांच्या पायाला चटका कळत नाही. त्यांच्यासाठी पिशवीने आधी अंथरूण तापवा आणि ते झोपताना काढून घ्या.

17. आई ऐंशीची आहे. ‘मला थंडी वाजत नाही’ म्हणते. विश्वास ठेवू?

वय झालं की थंडी जाणवणं कमी होतं, अंग मात्र गार पडत असतं. तिच्या खोलीत साधा तापमापक टांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांत थंडीत घरातलं तापमान 18 अंशांच्या खाली जाऊ नये असं सुचवलंय, वयस्करांसाठी त्याहूनही थोडं जास्त. आपल्या स्लॅबच्या घरात ते बहुतेक रात्री त्याच्या आसपास असतं, कौलारू घरात खाली जातं. हीटरवर पैसे घालायचेच तर तिच्या खोलीत घाला.

थंडीत रक्तदाब वाढतो. पहाटे पाचला फिरायला जायची सवय असेल तर ऊन पडेपर्यंत थांबवा. गरम हुलग्याचं माडगं, कानटोपी, मोजे हे आहेच. पण बोलणं अडखळायला लागलं, गुंगल्यासारखी वाटली, पोटाला हात लावल्यावर गार लागलं, तर पांघरूण घालून वाट बघू नका, दवाखाना गाठा.

18. रमचा एक पेग घेतला की ऊब येते. हा तर स्वस्त उपाय झाला ना?

गोवा जवळ, बेळगावचा लष्करी कॅम्प त्याहून जवळ, त्यामुळे हा प्रश्न येणारच. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं, म्हणून चेहरा तापल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर निसटत असते. घ्यायची तर दुसऱ्या कारणासाठी घ्या.

19. भाड्याचं घर आहे, मालक खिळा मारू देत नाही.

प्रश्न 2 आणि 4 मधलं सगळं करता येतं, खिळा लागत नाही. खिडकीच्या काचेवर पार्सलसोबत येणारं फुगेवालं प्लास्टिक पाणी शिंपडून चिकटवा. पडद्यामागे जुनी चादर जोडा.

20. सगळं बंद ठेवलं तर भिंतीला बुरशी आली. आता?

जास्त झालं म्हणायचं. माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. दुपारी बारा ते तीन दारं-खिडक्या सताड उघडा. कपडे खोलीत वाळवू नका. झोपताना वरचा एखादा झरोका उघडाच राहू द्या, दाराखालची फट बंद असली तर तेवढ्याने फार गारठा येत नाही.

21. गोठ्यातल्या वासराचं काय?

पाठीवर गोणपाट बांधा, खाली कोरडं पाचट टाका, ओलं झालं की बदला. वाऱ्याच्या बाजूला ताटी लावा. पाचटाजवळ शेकोटी नको.

22. थंडी गेल्यावर घोंगडी कशी ठेवायची? गेल्या वर्षी कसर लागली.

होळीनंतर दोन दिवस कडक उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी. काठीने झटका. वरचेवर धुवू नका, फारच मळली तर गार पाण्यात, पिळायचं नाही, सावलीत निथळत ठेवायचं. पूर्ण वाळल्यावर जुन्या सुती कापडात गुंडाळा, घड्यांमध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आत दमट राहते. खानापूरकडच्यांनी श्रावणात एखादं ऊन पडलं की ती एकदा बाहेर काढावी, घड्या बदलाव्यात आणि परत ठेवावी. आमची ट्रंकेत तळाशी असते, त्यामुळे आम्ही दरवर्षी विसरतो.